तिसरा सिलिंडर

दापोलीच्या एसटी स्टँडसमोर मोबाइलचं दुकान.
काचेवर मांडलेल्या पाच डब्या,
आत दोन दोन बिया, काजूच्या मापाच्या,
चार्जिंगच्या खोबणीत निजलेल्या.

सुमैयानं पैसे पाठवलेत पुण्याहून:
अब्बा, फोनवर तुम्ही ओरडता,
अख्ख्या हॉस्टेलला कळतं
आज लिलावात पापलेट काय भावानं गेलं.

प्रणित, दुकानातला पोरगा, सांगत सुटतो,
बेस, ब्लूटूथ, छत्तीस तास बॅटरी, घामाचं टेन्शन नाही.
मी म्हटलं, गाणं नको लावूस.
माझ्याकडे माझं आहे.

फोनमध्ये ठेवलेली सव्वादोन मिनिटं:
हर्णैच्या बंदरात 'भाग्यतारा', सहा सिलिंडर, झाकण उघडं,
आणि मी,
स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर
अन् मूठ कानामागच्या हाडाला टेकवून.
तीस वर्षं हाच माझा हेडफोन.
वायर त्यालाही नव्हती.

पहिली डबी काळी, चकचकीत, सगळ्यात महाग.
इंजिन असं घुमलं
जसं काल शोरूममधून आणलंय.
टॅपेटची टिकटिक नाही, बेल्टची कुरकुर नाही,
स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे
शेजारीण बोलते तसं सगळं गोड.
काढून ठेवली.

दुसरीत त्यानं काहीतरी दाबलं.
आता बाहेरचा गोंगाट बंद, काका.
दारात एक टेम्पो उभा होता, डिझेल धडधडत.
तो थरथरताना दिसत होता
आणि मुका होता.
हॉर्न येत होता, कंडक्टरची शिटी येत होती,
फक्त इंजिन गेलं.
ज्या आवाजावर मी दोन खोल्या बांधल्या,
पोरीची फी भरली,
तो ह्या बीच्या हिशोबात केर.
मी काही बोललो नाही. प्रणित लहान आहे.

तिसरी डाव्या कानात बसेचना.
वेल्डिंगची ठिणगी उडाली होती एकदा,
तेव्हापासून तो आक्रसलेला.
प्रणितनं रबराच्या टोप्या काढल्या, लहान, मधली, मोठी,
आणि शिंप्यासारखा कान निरखत म्हणाला,
काका, तुमचे दोन कान दोन मापांचे.
चोपन्न वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
टोपी नीट बसली नाही तर आवाज पातळ होतो म्हणे.
हे मला शिकवू नकोस बाबा,
गॅस्केट बसलं नाही की कॉम्प्रेशन जातंच.

चौथी पांढरी, मळकट दिसणारी, मधल्या किमतीची.
उजव्याला मधली टोपी, डाव्याला सगळ्यात लहान.
घातली आणि विसरलो की घातली आहे.
आधी माझाच श्वास ऐकू आला.
मग दोरावरचा कावळा,
लांब लिलावात कुणीतरी मोजतंय,
खलाशाच्या हातून पडलेला डाव,
आणि त्या सगळ्याच्या खाली
तिसरा सिलिंडर.
चार ठोके सरळ, पाचवा जीभ चावल्यासारखा.
परत लावलं. परत तेच.
त्या दिवशी मी हाडाला मूठ लावून
रघुवीर पावसेला सांगितलं होतं, मशीन चोख आहे,
आणि आठशे रुपये घेतले होते.

हीच दे, म्हटलं. बिल कर.
प्रणित विचारत होता पाचवी बघायची नाही का.

स्टँडवर हर्णैची गाडी लागायची होती.
रघुवीरला फोन लावला, कानातूनच, पहिल्यांदा,
आणि हळू बोललो.
तिसऱ्याचा इंजेक्टर खोल, म्हटलं, गुरुवारच्या आत.
तो म्हणाला, कोण बोलतंय?
मग म्हणाला, भाई, 'भाग्यतारा' तर शिमग्याआधीच विकली,
जयगडच्या माणसाला.

मग त्याचा नंबर दे.

तो नंबर सांगत राहिला, दोनदा,
अगदी कानाशी बसून सांगावं तसा,
आणि माझ्याजवळ पेन नव्हतं.