यादीतला तिसरा

दा खुरेच्या बाजारात गाडी घेतली
तेव्हा ती जपानी बोलायची. अजूनही बोलते.
बटण दाबलं की एक बाई अदबीनं काही सांगते.
विकणारा म्हणाला, टोलचं कार्ड घाला म्हणते.
उलानबातारमध्ये कुठलं आलंय ते कार्ड!
मी रोज तिला म्हणते, बरं बाई.

पडद्याच्या आत, चार दारं ओलांडून, एक यादी आहे
या गाडीनं ओळख दिलेल्या फोनांची.
पहिले दोन मला न वाचता येणारे.
तिसरा : पुरेव.
चौथी मी, त्सेवेल.
कधी लक्ष दिलं नाही.
भाड्याच्या खोलीत भिंतीवरचे खिळे आधीच्यांचेच असतात,
आपण नुसता आपला कोट अडकवतो.

जानेवारी. उणे तेहेतीस.
बॉनेटवर नमद्याची घोंगडी, हवेत कोळशाचा धूर,
तेराव्या खोरोलोलात, शाळेमागच्या इमारतीखाली
मी प्रवाशाची वाट बघत इंजिन चालू ठेवून बसलेले.
थंडीनं माझा फोन मेला. गाडी मोकळी झाली,
आणि मोकळी झाल्याझाल्या तिला जुनी ओळख आठवली.

चारी स्पीकरमधून रिंग.
वर कुणीतरी फोन उचलला असणार,
आवाज मात्र खाली माझ्याकडे उतरला.

"पुरेव? ऐकू येतंय का रे?"
म्हातारा आवाज, मागे कुत्रं, मागे वारा.
"जेवलास?"
मी गप्प. बटण शोधतेय, बोटं हातमोज्यात.
आणि नेमका मला खोकला आला.

"खोकला आहेच अजून," ती म्हणाली.
"आरूल पाठवलंय, गानाच्या बसनं, गुरुवारी.
तू नसलास तर तो आत ठेवेल.
किल्ली तिथेच असते ना,
मीटरच्या डब्यात?"

आता मला सगळं माहीत.
इमारत, नाव, गुरुवार, किल्ली.
एका आईनं माझ्या हाती घर दिलं
आणि वर काळजी घे म्हणाली.
मी कुलूप तोडलं नाही, तार जोडली नाही,
नुसती बसले होते. पाय गरम करत.

प्रवासी यायच्या आत
भाड्याच्या वहीतलं पान फाडलं :
किल्लीची जागा बदला.
आईला फोन करा, खोकला तुमचा नव्हता.
दाराच्या फटीत खोचलं. सही केली नाही.

मग यादी. तिसरा. पुसू का, विचारलं असावं;
दोन चौकटी, दोन्हीत जपानी.
डावी दाबली. तो गेला.
वरचे दोघंही गेले, एकेक करून,
कुठल्या बंदरावर राहिलेले, देव जाणे.
पडद्यावर मी एकटी उरले,
आणि प्रवासी दार आपटत आत बसला,
म्हणाला, उशीर झाला, ताई, आई सोडेचना.

परतताना सेल्बेच्या पुलावर आठवलं.
माझी आधीची गाडी, निळी,
एर्देनेतच्या कुणा माणसाला विकली, रोख, घाईत,
कारण दवाखान्याचं बिल होतं.
तिच्यातली यादी कोण पुसणार होतं?
तिच्यात माझी दोनशे नावं आहेत,
त्यात नवऱ्याचा नंबर,
जो आता कंपनीनं दुसऱ्या कुणाला दिलाय.

एर्देनेतच्या त्या माणसाचा अंगठा
कधी चुकून त्या नावावर पडत असेल.
कुणीतरी उचलत असेल.