एकतिसावं ताट

उद्यमबागचा भोंगा झाला की
पाऊण तासात तीस ताटं उठतात माझ्या खानावळीत.
फाउंड्रीतली माणसं, नखांत काळी वाळू,
भाकरीही मोडतात ती साचा फोडल्यासारखी.
ती उठली की मागे उरतं ते उरतं:
पाव पातेलं भात, आमटीचा तळ,
कडा वाळलेल्या चार भाकऱ्या,
आणि अंबाडी, जी रोज कुणालाच नको असते.

नणंदेचा प्रज्योत इंजिनिअरिंगला.
त्यानं पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला.
"मामी, उरलेलं याला दाखव फक्त.
पुढं काय करायचं ते हा सांगतो."
दाखवलं.
भाकरी बघून फोन म्हणाला: चपाती, जाडी जास्त.
झुणका बघून बराच वेळ नुसता गोल फिरत राहिला.
भाजीला मी म्हटलं अंबाडी,
भांडी घासता घासता निंगव्वा म्हणाली पुंडी,
त्यानं दोन भाज्या लिहून घेतल्या.
आम्ही दोघी इतक्या हसलो की
हात धुणारा होसूरकर आत डोकावला,
"काय हसूलालाय ओ?"

पण शिकला. पंधरा दिवसांत शिकला.
शिळ्या भाकरीचा कुस्करा, वर लसूण-मिरचीची वग्गरणी,
हे निंगव्वानंच सांगितलं त्याला, कन्नडात, ओल्या हातानं,
आणि पुढच्या आठवड्यात त्यानं ते मला
शुद्ध मराठीत शिकवलं.
आमटीत पीठ मळून धपाटी,
भाताच्या वड्या, कोथिंबिरीच्या देठांची चटणी.
सकाळच्या नाष्ट्याचा फळा लागला दारात.
महिनाअखेर प्रज्योतनं रेघ दाखवली,
चोर्ल्याच्या घाटासारखी उतरत गेलेली,
आणि तळाशी हिरव्या गोलात शून्य.
उष्ट्या-खरकट्याची बालदी उपडी घालून
मी तिच्यावरच बसले. भर दुपारी. पहिल्यांदा.

त्या रात्री निंगव्वा निघाली तेव्हा
डब्याची कडी वाजली.
रिकामा डबा जास्त वाजतो.
ती काही बोलली नाही.
बारा वर्षांत कधी बोललीच नव्हती,
मीही विचारलं नव्हतं.
मी पातेल्यावरचं झाकण काढून ठेवायची,
ती भरून घ्यायची,
आणि या गोष्टीला आम्ही दोघींनी
कुठल्याच भाषेत नाव ठेवलं नव्हतं.
मग फोनला ते कसं कळावं?
त्याच्या लेखी ते रोज वाया जात होतं,
भात सातशे ग्रॅम, भाकऱ्या चार,
वडगावच्या एका बोळात,
मागावरून उशिरा उठणाऱ्या पोराच्या
आणि त्याच्या दोन लेकींच्या पोटात.

"ऊटा आतेन?" मी दारातूनच विचारलं.
"आत्री अक्का," म्हणाली.
खोटं बोलताना ती पदराची गाठ चाचपते.

आता मी जेवणारे एकतीस भरते.
पीठ एकतिसाचं, तांदूळ एकतिसाचे,
जरा सढळच.
पहिलं ताट वाढायच्या आधी तिचा डबा भरते,
गरम, झुणक्याचा मधला भाग.
पहिल्या दिवशी घेईना.
"उरलेलंच द्या की, ताजं कशाला?"
म्हटलं, उरतंय कुठं आता? हे बघ, शून्य.
तिनं त्या हिरव्या गोलाकडं
बराच वेळ पाहिलं,
मग डब्याची कडी लावली. आवाज झाला नाही.

फोन रोज रात्री विचारतो:
ग्राहक क्रमांक एकतीसचे पैसे बाकी.
आठवण पाठवू?
प्रज्योत म्हणतो, चूक आहे मामी, दुरुस्त करून देतो.
राहू दे की, म्हणते मी,
आणि "नको"वर बोट टेकवते.
पिठाचं बोट त्याला पटकन ओळखू येत नाही.
तो परत विचारतो.
मी परत टेकवते.