हातचा एक

स्वॉन्सीच्या कचेरीत, अग्निशमन दलाच्या दुसऱ्या मजल्यावर
मी खोऱ्याचे तुकडे पाडते.
एका तुकड्यात सहाशे घरं, फार तर सातशे.
मग जनगणनेच्या तक्त्याला विचारते:
पंधरा ते चोवीस वयाचे किती?
हाताला काम नसलेले?
दारात गाडी नसलेली घरं?
शेजारी मांडते दहा वर्षांत जळालेल्या गाड्या.

गाड्या जळतात त्या जास्त करून
गाड्या कमी आहेत तिथेच.
पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मला हसू आलं होतं.
ताळा तीनदा केला. आकडा हलला नाही.

तुकडा चारशे अकरा. नकाशावर गडद, जांभळाच्या सालीसारखा.
अंदाज: वर्षाला नऊ.
ऑक्टोबरपर्यंत आठ झाल्या.
मंगळवारी रात्री नववी.
गेथिन म्हणाला, "बरोब्बर!"
आणि बिस्किटांचा डबा पुढे केला.
मी एक घेतलं.

बुधवारी तिथे गेले. चढ, मेंढ्या,
बंद खाणीकडे जाणारा बंद रस्ता.
डांबर वितळून गाडीच्या मापाचं झालेलं.
इडवाल प्रॉसर काचा गोळा करत होते
कोळशाच्या फावड्याने.
"सोमवार, बुधवार, शुक्रवार," ते म्हणाले,
"टेग्वेनचं डायलिसिस. आज शेजाऱ्याने नेलं.
रोज कोण नेणार?"
कोणी जाळली, ते मी विचारलं नव्हतं.
"नाव माहीत आहे मला. सांगणार नाही.
त्याच्या आईला आणखी काय काय निस्तरायला लावायचं?"

मग फावडं भिंतीला टेकवून:
"तुम्हाला आधीच ठाऊक होतं म्हणे?"
"कुठलं घर, ते नाही," मी म्हटलं, "साधारण... भाग."
"भाग," त्यांनी शब्द तोंडात घोळवला.
"मग साधारण कळवायचं होतंत."

पुढची जनगणना लांब आहे.
तरी संध्याकाळी, छापील तक्त्याच्या कडेला,
गाडी नसलेली घरं: दोनशे एकोणीस.
पेन्सिलने एक मिळवला.
नऊ आणि एक दहा, शून्य मांडलं, हातचा एक.
पुन्हा सगळं चालवून पाहिलं. चारशे अकरा
आणखी गडद झाला असेल,
डोळ्याला दिसेल इतका नाही.

त्या वळणावरून पहिली बस सात दहाला सुटते.
टेग्वेनची वेळ सातची.