माळढोकाचा रकाना

सातबाऱ्यावर ह्या जागेपुढं लिहिलंय : पडीक.
आम्ही दर रविवारी सहाच्या आत इथं येतो,
दहा-बारा जण, मौला नदाफच्या छोट्या हत्तीत,
कडक भाकरी, शेंगाचटणी, दोन विळे, एक दुर्बीण.

वही माझ्याकडं.
एकतीस वर्षं चादरीच्या कारखान्यात हजेरी घेतली,
कोण आला, कोण नाही, कोण अर्ध्या पाळीला पळाला.
म्हणून सगळे म्हणाले, चिलवेरीमामा, तुम्हीच लिहा,
तुमचं अक्षर बरंय, खोटं लिहायची सवय नाही.
(दुसरं तितकंसं खरं नाही.
सणाच्या आदल्या दिवशी
कितीकांना मी हजर मांडलंय.)

धाविक चार.
चंडोल, मोजायचे सोडले.
काळविटं तेवीस, त्यातला एक नर लंगडा.
खोकड एक, बिळाच्या तोंडाशी,
आमच्याकडं बघून जांभई देऊन आत गेलं.
माळढोक : शून्य.

नरसूबाई गड्डम विड्या वळते.
तिची बोटं गवतात शिरली की
तारेचा फास डोळ्यांआधी त्यांना सापडतो.
सोडवते, गुंडाळते, पिशवीत टाकते,
पिशवी भरली की भंगारात विकून
तिच्याच पैशांचा चहा पाजते आम्हाला.
बिरू हाकेचं कोकरू लांडग्यानं नेलं.
लांडग्याला त्यानं आईवरून शिव्या घातल्या,
आम्हालाही घातल्या,
पुढच्या रविवारी विळा घेऊन हजर.
जाळपट्टा कापायचा राहिलाय म्हणाला,
वणवा काय लांडग्याला विचारून येतोय होय.

आषाढात एक शाळेची बस आली.
कापडी फलक, साहेब, फोटोवाला, शंभर गुलमोहर,
"उजाड माळ हिरवा करू या."
खड्ड्यांच्या जागी फक्कीचे गोल आखून तयार.
आता झाड लावू नका,
असं लेकरांना कोणत्या तोंडानं सांगायचं?
साहेब म्हणाले, तुम्ही निसर्गवाले ना?
मौला टोपी काढून डोकं खाजवत राहिला.
मी वही उघडली, मिटली.
नरसूबाईनं एका मुलीला हाताला धरलं,
एका गोलापाशी नेलं, खाली बस म्हणाली.
फक्कीच्या बरोबर मधोमध
टिटवीची चार अंडी,
मातीच्या रंगाची, मातीवरच्या डागांची.
वर टिटवी ओरडून ओरडून जीव देत होती.
पोरगी उठली ती गोलाच्या कडेवर उभी राहिली, हात पसरून,
बस सुटेपर्यंत हलली नाही.

गुलमोहर शाळेच्या आवारात गेले, निम्मे.
निम्मे मौलाच्या गच्चीवर रंगाच्या डब्यांत आहेत,
कुणाला हवे असतील तर सांगा.
साहेबांनी तालुक्याला कळवलं म्हणे,
काही लोक वृक्षारोपणाला आडवे येतात.
कळवलंय ते खरंच आहे.

परवा बिरू धावत आला.
मामा, बघितला! कंबरेएवढा, मान ताठ,
हापिसरागत चालत गेला पलीकडच्या गवतात.
दुर्बीण फिरली हातोहात. तास गेला, दोन गेले.
गवत हलत होतं, ते वाऱ्यानंही हलतं.
बिरू म्हणाला, लिहा की. मी खोटं बोलतोय का?
खोटं बोलत नव्हता.
पण रात्रभर मेंढरांमागं जागलेला माणूस,
त्यात सकाळचं तिरपं ऊन.

मी पेन काढलं.
आपल्या लिपीत फार काही लागत नाही,
शून्याला खाली एक शेपूट ओढलं
की एक होतो.
एवढीशी रेघ.
एकतीस वर्षं ह्याच हातानं ओढलीय.

कोण येणार होतं तपासायला?
मौला गाडी चालू करून हॉर्न देत होता,
बिरू माझ्या बोटांकडं बघत होता.

काय लिवलं मामा? नरसूबाईनं विचारलं.
शून्यच, म्हटलं.
तिनं वही ओढून घेतली. तिला वाचता येत नाही,
आकडे मात्र येतात, विड्यांच्या हिशेबापुरते.
बघितलं, परत दिली.

हल्ली त्या रकान्यात शून्य काढताना
मी ते जरा वर काढतो,
खाली जागा सोडून.