मोरीतला वड

तीस वर्षं माझं काम हेच होतं.
पुलाच्या सांध्यात, मोरीच्या चिऱ्यांत,
शाळेच्या पागोळीखाली
वड उगवलेला दिसला की वहीत लिहायचं
आणि इनासला शिडीवर चढवायचं.
तो छिन्नीनं खणायचा, मुळात ॲसिड ओतायचा,
खाली उतरून हात पुसत म्हणायचा,
"सायबा, हो परत येतलो."
आणि यायचाच.
पुढच्या वर्षी त्याच सांध्यात, दोन पानं घेऊन,
हजेरी लावायला आल्यासारखा.

निवृत्त झालो त्याच आठवड्यात
साखळीच्या जुन्या मोरीवरून जाताना
एक दिसला. वीतभर.
खिशात वही नव्हती. शिडी नव्हती.
घराच्या चावीनं चुना उकरला,
निघाला तेवढा ओल्या रुमालात गुंडाळला
आणि इकडेतिकडे पाहिलं,
सरकारी माल उचलल्यासारखं.

म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात
हळदोण्याची बेर्ता मिनेझिस बसते,
एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला सुक्या मिरच्या,
मधे ताटल्यांतली तिची बुटकी झाडं.
मी विचारलं, असं व्हायला किती वर्षं लागतात?
तिनं माझे पिकलेले केस पाहिले.
"झाडाक घाई ना," म्हणाली. "तुमकां आसा?"

मग सांगत गेली, गिऱ्हाइकं सांभाळत.
बागेतली माती नको, चिखल होऊन मुळं गुदमरतील.
फुटक्या मंगलोरी कौलांचा चुरा चाळा,
तांदळाएवढा कण ठेवा, पीठ फेकून द्या.
त्यात नदीची वाळू, मूठभर कुजलेला पाला.
ताटली डिचोलीच्या कुंभाराकडची चालेल,
पण खाली भोक हवं, आणि भोकावर जाळी.
आणि ते मधलं जाड मूळ
निम्मं कापून टाका.

इथं अडलो.
मूळ कापणं मला येत होतं.
जगवण्यासाठी कापणं
कुणी शिकवलं नव्हतं.

कापलं. सुतळीनं ताटलीला बांधलं, डुगडुगू नये म्हणून.
आणि मग पाणी. सकाळी, दुपारी,
झोपण्याआधी बॅटरी घेऊन पुन्हा एकदा.
चिऱ्याच्या फटीत ज्याला कुणी कधी
थेंब दिला नव्हता, त्याला.
नवव्या दिवशी पानं पिवळी.
बाराव्या दिवशी एकही नाही.
मंदाकिनी कपडे वाळत घालत होती, म्हणाली,
"तुमच्या हाताला सवयच ती."

शुक्रवारची वाट न पाहता बेर्ताला फोन लावला.
"उदक चड जालें," तिनं न बघताच सांगितलं.
"नखान खरवडून पळय."
खरवडलं. जरासंच, घाबरत.
राखाडी सालीखाली
मोड आलेल्या मुगाइतका हिरवा.
मी तिथंच पायरीवर बसलो.
मंदाकिनीला हाक मारली नाही,
तिलाही कळलं असावं, ती चिमटे तोंडात धरून
बराच वेळ एकच टॉवेल झटकत राहिली.

आता खराट्याची एक काडी कुंडीत खोचलेली असते.
उपसून गालाला लावायची.
ओली लागली तर झारी परत ठेवून द्यायची.
झारी ठेवून देणं
हे मला सगळ्यात अवघड गेलं.

परवा इनास आला होता.
जळालेल्या पंपाची तांब्याची तार घेऊन,
फांद्या वळवायला लागते असं कुठंतरी ऐकून.
ताटलीपाशी वाकला,
नव्या चार पानांकडे कितीतरी वेळ बघितलं
आणि हसत सुटला, खोकला येईपर्यंत.
"सायबा! हो परत आयलो."

तार खिळ्याला टांगून ठेवली आहे.
यंदा नाही, म्हणाली बेर्ता. यंदा फक्त काडी.

संध्याकाळी मोरीवरून गेलो.
सांध्यात उरलेल्या मुळाला
पुन्हा दोन पानं.
सवयीनं हात खिशाकडे गेला, रिकामाच परत आला.
कुणाला काही कळवलं नाही.