पालथे दिवस

डोळ्याचा पडदा सुटला होता.
डॉक्टरांनी आत वायूचा बुडबुडा सोडला
आणि म्हणाले, दहा दिवस पालथं राहायचं,
मान खाली, वाचन बंद.
त्यातलं वाचन बंद तेवढंच मला ऐकू आलं.

लोकमान्यनगरच्या आमच्या खोलीत
फरशीवर एक तपकिरी शीर आहे,
खिडकीपाशी फुटते, दाराजवळ मरते.
दुसरं काही नव्हतं म्हणून ती पाठ केली.
माणसं आली ती पावलांनीच आली.

शरयू खांबेटेचे कॅनव्हासचे बूट,
डावी नाडी कायम सुटलेली.
बरं वाटतंय का, असं विचारलंच नाही तिनं.
म्हणाली, सध्या मिठावरचं एक पुस्तक वाचतेय,
रोज दोनच पानं. जास्त वाचलं तर संपेल.
मिठागरात राबलेल्याचे तळवे
चितेतही लवकर जळत नाहीत, असं लिहिलंय गं.
आणि तिचे बूट जरासे मागे सरकले.

रुखसाना थेंब घालायला यायची,
निळ्या सँडल, टाचेवर मेंदीचा उरलेला ठिपका.
सिटी बसमध्ये मोबाइलवर कादंबरी वाचते ती,
रोज एक भाग.
"दीदी, तीन दिन हो गए,
चिट्ठी अभी तक नहीं खोली उसने."
रागाच्या भरात एक थेंब जास्तच पडायचा.

निहार, वय नऊ, अनवाणी.
सरळ माझ्या तोंडाखाली फरशीवर उताणा झाला,
पुस्तक छातीवर.
आजी, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.
मग एखादं बंद पडलं तर?
त्यानं पान उलटून बघितलं.
ते अजून आलं नाही, म्हणाला.

आणि तळमजल्यावरचे बिडवई काका.
चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला.
उभा जन्म मीटर वाचण्यात गेला,
हातात पुस्तक मी कधी पाहिलं नव्हतं.
आताही दिसत नव्हतंच, नुसती पानांची सळसळ.
रोज सहाला, नळ येऊन गेला की यायचे.
"लायब्ररीतून आणलंय. नावाड्याची गोष्ट आहे."
नदीवर पूल झाला, गिऱ्हाईक गेलं.
तरी तो रोज नाव सोडायचा,
रिकामी जायची, रिकामी यायची,
भाडं मात्र चुकवायचा नाही,
या खिशातून काढून त्या खिशात.
काका इथं थांबायचे.
बराच वेळ थांबायचे.
मग म्हणायचे, उद्या.

अकराव्या दिवशी मान वर केली.
सगळ्यांना चेहरे होते, जरा जास्तच.
दीड महिन्यानं वाचायची परवानगी मिळाली
तेव्हा आधी काकांकडून ते पुस्तक मागवलं.

कादंबरी चांगली होती. तीनशे बारा पानं,
कापडाचं दुकान, दोन भाऊ, मधे घातलेली भिंत.
नावाडी नव्हता.
भिंग घेऊन पुन्हा पहिल्यापासून शोधला.
एकशे चाळिसाव्या पानात
खूण म्हणून विजेच्या बिलाची घडी होती,
आणि तिथं एक ओळ,
ते नावेतून पलीकडे गेले.
नाव कोण वल्हवत होतं
हे लेखकानं लिहिलंच नव्हतं.

परवा सकाळी काका पोहे घेऊन वर आले,
कागदात बांधलेले, शेव वेगळी.
"मग, सध्या काय वाचताय?"
तेच, म्हटलं. नावाड्यापाशी आलेय.
त्यांनी अंगठ्यानं चपलेची तार दाबली,
सोडली, पुन्हा दाबली.
"अच्छा," म्हणाले. "पुढे काय होतं त्याचं?"

मी पोह्यांवर जिरावन भुरभुरलं.
थोडा वेळ घेतला, त्यांच्याइतकाच.
म्हटलं, एके दिवशी
पूल दुरुस्तीला बंद होतो.