७॥

खमीसची तराद वरून अजून गोरीपान.
एकतीस फूट, मागे दोन इंजिनं, नाळेवर निळा पट्टा.
फक्त लाटेवर आपटली की
कंबरेतून बोलते, म्हणाला.

मी हातोडीनं ठोकत निघालो
नाळेपासून मागे.
टण. टण. टण.
मग दुसऱ्या बाकाखाली, भद्.
याकूबनं मान वर केली.
याकूब सारंग, दाभोळचा. त्याला भद् कळतं.
त्यानं गिरमिट फिरवलं आणि बाहेर आली
उकळून टाकलेली चहापत्ती,
काळी, ओली, आंबूस वासाची.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
इथे वासे आधी फिरले होते,
घराला पत्ताच नव्हता.

उम्म-अल-कुवैनच्या सनायात ऑगस्टमध्ये
पहाटे तीनला काम सुरू होतं.
दिव्याभोवती खाडीवरचे किडे,
अंगावर बाह्या टेपनं बांधलेल्या,
तरी फायबरची कूस मानेत शिरतेच;
थंड पाण्यानं धुवायची, गरमानं कधीच नाही,
हे नवीन पोरांना एकदाच सांगावं लागतं.

ग्राइंडरनं वरची कातडी उघडली.
आतला वासा खरवडायला पटाशी नको होती,
मी हातानंच उपसला, घमेलं घमेलं.
कारण सापडलं शेवटी:
मासे दाखवणाऱ्या यंत्राचा एक स्क्रू,
कोणीतरी घाईत, भोक न बुजवता पिळलेला.
अकरा वर्षं
थेंब
थेंब.

खमीस खुर्ची टाकून बसला होता, पाय वाळूत.
बापाचं गलबत सागाचं होतं, म्हणाला,
साग तुमच्याच किनाऱ्यावरून यायचा,
मुशीच्या तेलानं आम्ही पोरं ते चोळायचो,
आठवडाभर शाळेत शेजारी कोणी बसायचं नाही.
ते लाकूड रोज भिजायचं, रोज वाळायचं.
याला तुम्ही काचेत कोंडलंत.
मी म्हटलं, मी नाही, बाबा.
तो हसला. गल्लाफ सगळे सारखेच.
गल्लाफ म्हणजे आमचा कलाफत.
शब्द कोणी कोणाचा नेला, देव जाणे.

उजवीकडच्या वाशाचं एक टोक शाबूत निघालं,
हातभर, कोरडं, पिवळं.
त्यावर पेन्सिल.
४ फू. ७॥

कच्छी असेल, याकूब म्हणाला,
मांडवीचे सुतार होते तेव्हा इथे पुष्कळ,
चार आणि सात त्यांचेही असेच.
मी दिवा जवळ नेला.
पुढे शब्द होता. 'उज' इतकंच,
नंतर बुरशी,
पण वरची आडवी रेघ
बुरशीतूनही थोडी पुढे गेली होती.

आम्ही दोघं बराच वेळ उकिडवे बसलो.
साडेसात असं लिहिणारा माणूस,
दोन उभ्या दांड्यांनी अर्धा इंच सांगणारा,
माझ्या शाळेतही नव्हता.
कुठला असेल? हर्णै? जयगड?
पगार वेळेवर मिळाला असेल का त्याला?
तो स्क्रू त्याचा नव्हता, एवढं नक्की.

मग ऊन आलं, आणि राळ थांबत नाही.
उन्हात डबा हातात धूर सोडतो,
वीस मिनिटांत दगड.
नवी फळी कापली, टोकांना राळ पाजली,
पी, अजून पी, म्हणत, तान्ह्यासारखी.
कोपऱ्यांत लगदा भरून
चमच्याच्या पाठीनं गोल केला
(चमचा मेसचा, परत जाणार नाही).

काचकापड ठेवण्याआधी
कानावरची पेन्सिल काढली.
चार फूट सात पॉइंट पाच लिहिणार होतो.
थांबलो.
४ फू. ७॥ उजवी.
शब्द पूर्ण लिहिला.

कापड कोरडं असतं तेव्हा पांढरं असतं.
राळ लागली की पाणी होतं,
पहिल्या थराखाली अक्षरं उलट ठसठशीत झाली,
दुसऱ्याखाली चहासारखी,
तिसऱ्यानंतर याकूब म्हणाला, मला दिसतात अजून.
मला नव्हती दिसत.

काम चांगलं झालं असेल
तर हे कोणी वाचणार नाही.

रोलर दे, मी म्हटलं, बुडबुडा राहिलाय.